साप, समुद्र आणि कॅज्युअल्टी: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत मी ड्युटी करतो. खालचे प्रश्न रात्रपाळीत फोनवर आले, शाळेतल्या शिबिरात आले, मासळी बाजारात आले आणि दोन तर लग्नाच्या पंगतीत, हातात वडा असताना आले. तेच तेच परत सांगावं लागतं म्हणून एकत्र लिहून काढले. औषधांची नावं आणि मात्रा फक्त समजण्यासाठी आहेत. ती घरी देऊ नका.

१. रात्री दोन वाजता १०८ला फोन करायचा की वाडीतल्या कुणाची गाडी काढायची?

दोन्ही. एकाने फोन लावायचा, दुसऱ्याने गाडी चालू करायची. १०८ सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, फुकट आहे, गाडीत ऑक्सिजन असतो. पण खाडीपलीकडच्या वाडीत ती पोचेपर्यंत वेळ जातो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. फोनवरच विचारा किती वेळ लागेल. अर्धा तास म्हणाले तर तुम्ही पेशंट घेऊन हमरस्त्याकडे निघा आणि वाटेत गाठ घाला. गाडी नसेल तर मोटारसायकलही चालते: पेशंट मधे, धरणारा मागे. निघताना रुग्णालयात एक फोन करून काय झालंय ते सांगा. आम्ही ट्रे तरी मांडून ठेवतो.

२. पेशंट तळमळत असतो आणि तुम्ही आधी "किती वाजता झालं?" विचारत बसता. का?

कारण अर्धं निदान त्या उत्तरात असतं. विंचू चावून अर्धा तास झाला असेल आणि घाम नसेल, तर मी निश्चिंत होत नाही. बारा तास झाले असतील आणि घाम नसेल, तर बऱ्यापैकी होतो. विषारी मासा खाल्ल्यावर ओठ दहा मिनिटांत बधिरले की तीन तासांनी, यावर व्हेंटिलेटरची तयारी ठरते.

"आत्ताच, मघाशी" हे उत्तर माझ्या काही उपयोगाचं नाही. काही झालं की घड्याळ बघा आणि पेनाने पेशंटच्याच हातावर वेळ लिहा. एका म्हाताऱ्या आजींनी नातवाच्या दंडावर चुन्याने "७ वीस" लिहून पाठवलं होतं. त्या रात्रीचा तो सगळ्यात नीट केसपेपर होता.

३. साप चावला. पहिल्या दहा मिनिटांत नेमकं काय करायचं?

पेशंटला चालवू नका, पळवू तर नकाच. हात किंवा पाय फळीला, नाहीतर दुमडलेल्या वर्तमानपत्राला सैल बांधून स्थिर ठेवा. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ काढा, कारण सूज चढली की ते कापावे लागतात. मग निघा.

कापणं, चोखणं, बर्फ, चुना, कोंबडीचं पिल्लू लावणं, दोरी आवळणं, यातलं काही नको. दोरी आधीच कुणी बांधली असेल तर वाटेत सोडू नका. अचानक सोडली की साठलेलं विष एकदम वर चढू शकतं, ती आमच्यासमोर सुटू दे.

मांत्रिकाशी माझं भांडण नाही, वेळेशी आहे. देवाला गाऱ्हाणं घालायचंच असेल तर गाडीत बसून घाला, देव तिथेही ऐकतो.

४. साप मारून पिशवीत आणायचा का?

नको. मारायला गेलेला दुसरा माणूस चावून घेऊन येतो, आणि तुटलेलं डोकंही काही वेळ चावू शकतं. लांबून मोबाइलवर फोटो मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी अडत नाही. "काय चावला ता दिसूक नाय" म्हणत निम्मे लोक येतात. आम्ही लक्षणांवर उपचार करतो, आणि आपली लस (चावल्यावर द्यायचा विषावरचा उतारा) नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच आहे. (पण चारांबाहेरचा साप असला तर? प्रश्न १६ पाहा.)

५. फुरसं तर वीतभर असतं. त्याला एवढं काय घाबरायचं?

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कातळावर, चिऱ्यांच्या ढिगात, गडग्याच्या फटीत हा साप मुबलक आहे. चावला की सुरुवातीला थोडी सूज, थोडं दुखणं, बस्स. माणूस हळद लावून कामाला जातो. दुसऱ्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं आणि थांबत नाही. फुरशाचं विष रक्ताची गोठण्याची ताकद संपवतं, त्यामुळे मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो.

ते ओळखायची आमची चाचणी अगदी साधी आहे. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत शिरेतलं २ मिली रक्त घ्यायचं, नळी टेबलावर उभी ठेवायची आणि २० मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्त जेलीसारखं जागेवर राहिलं तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर लस सुरू. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तरी उत्तर चुकतं. नातेवाईकांना वाटतं डॉक्टर नुसते घड्याळ बघत उभे आहेत. तेव्हा आम्ही खरंच तेच करत असतो.

पहिली नळी गोठली म्हणून लगेच घरी सोडत नाहीत. चाचणी पुन्हा पुन्हा करतात आणि निदान २४ तास ठेवून घेतात. "सही करून नेतो" म्हणू नका.

६. रात्री काही चावलेलं आठवत नाही. सकाळी पोटात कळ आणि पापण्या जड. पित्त असेल का?

पावसाळ्यात, पडवीत किंवा जमिनीवर झोपलेल्या माणसाबद्दल असं कुणी सांगितलं की मी पित्ताचा विचार शेवटी करतो. मण्यार रात्री हिंडते, अंथरुणात शिरते, आणि तिचा चावा इतका बारीक असतो की जागही येत नाही, खूण सापडत नाही. पोटदुखी, उलटी, मग पापण्या मिटणं, गिळता न येणं, मान न पेलणं, आणि शेवटी श्वास बंद, असा क्रम चालतो. "वर बघ" म्हटल्यावर पापणी उचलता येत नसेल तर गोळी न देता निघा.

यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट पुढे येते. मण्यारीच्या विषाने पूर्ण लुळा पडलेला पेशंट व्हेंटिलेटरवर असतो. हात हलत नाही, डोळा हलत नाही, कधी बाहुल्याही उजेडाला दाद देत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं मेंदू गेला. पण आत माणूस जागा असू शकतो आणि सगळं ऐकत असतो. मण्यारीत लस उशिरा दिली तर लुळेपणा लगेच उलटत नाही. मज्जातंतूंची टोकं पुन्हा कामाला लागायला दिवस जातात, तोवर मशीनने श्वास द्यायचा आणि वाट बघायची. एका बाईंनी बऱ्या झाल्यावर नवऱ्याला विचारलं, "म्हशीचं काय ठरलं? विकली?" ते बोलणं त्यांच्या उशाशी चौथ्या दिवशी झालं होतं. अशा पेशंटशी बोलत राहा. जमिनीच्या वाटण्या मात्र बाहेर जाऊन बोला.

७. मुलगा पाच वर्षांचा आहे. त्याला लस अर्धी द्यायला हवी ना? आणि लसीचीच रिअॅक्शन आली तर?

साप मूल बघून कमी विष सोडत नाही, त्यामुळे मात्रा मोठ्यांइतकीच: सुरुवातीला साधारण ८ ते १० कुप्या. लस घोड्याच्या रक्तापासून बनते, म्हणून रिअॅक्शन येऊ शकते: अंगावर गांधी, थंडी, दम, कधी बीपी कोसळणं. त्यासाठी अॅड्रिनॅलिन भरलेली सिरिंज उशाशी तयारच असते. रिअॅक्शनच्या भीतीने लस नाकारू नका. आणि वर नमूद चारांपैकी कुणाच्या विषाची लक्षणंच नसतील तर "घातलेली बरी" म्हणून लस मागूही नका. बिनविषारी चावे आणि कोरडे, म्हणजे विष न सोडलेले चावे बरेच असतात.

८. विंचू चावला तर मरतो का माणूस? आमच्याकडे तर कांदा चोळतात.

काळी मोठी इंगळी खूप दुखवते, पण बहुतेक वेळा तेवढंच. धोका लाल विंचवाचा. तो अंगाने लहान, पण त्याचं विष शरीरातल्या ताणाच्या रसायनांचा पूर सोडतं. भराभरा घाम, उलटी, हातपाय गार, छातीत धडधड, आणि काही तासांत फुफ्फुसात पाणी. फेस येऊन मुलं दगावायची.

हे बदललं ते कोकणातच. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. रात्र रात्र विंचवाच्या पेशंटजवळ बसून त्यांनी नोंदी केल्या आणि बीपी कमी करण्यासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही साधी गोळी या विषावर चालते हे दाखवून दिलं. तिने आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि हृदयावरचा भार उतरतो. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज ही गोळी जगभरच्या पुस्तकांत आहे. पुढे विंचवाची लसही आली, आणि लस व गोळी दोन्ही दिली तर पेशंट लवकर सावरतो, हेही त्यांनीच दाखवलं.

तुम्ही लक्षात ठेवायचं ते एवढंच: किती दुखतंय यावरून धोका ठरत नाही, घाम आणि गार हातपाय यावरून ठरतो. मूल असेल तर लक्षणांची वाट न बघता आणा. गोळी दिल्यावर आम्ही पेशंटला आडवंच ठेवतो, कारण उठला की बीपी पडून चक्कर येते. तेव्हा "बाथरूमला मीच नेतो" म्हणणारे मामा पाहिजेत कुणाला?

९. रापण ओढताना पाकटाचा काटा पायात घुसला. शिंगाळ्याचंही तसंच का?

हो, या दोन्ही माशांचा काटा विषारी असतो आणि दोघांनाही गरम पाणीच लागू पडतं. सोसवेल इतकं गरम, साधारण ४५ अंश, आणि पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. गरम पाण्याने वेदना बघता बघता उतरते. पाणी किती गरम ते दुसऱ्या, न दुखणाऱ्या पायाने किंवा हाताने पाहा. दुखऱ्या पायाला अंदाज राहत नाही आणि वरून भाजतो. नंतर धनुर्वाताचं इंजेक्शन आणि आत तुकडा राहिलाय का हे बघायला एक्स-रे.

काटा छातीत, पोटात किंवा मानेत घुसलेला असेल तर उपटू नका. तोच बूच असतो.

१०. जेलीफिश लागली तर लघवी करावी म्हणतात?

नको. गोडं पाणी नको आणि वाळूनेही चोळू नका, त्वचेवर चिकटलेल्या न फुटलेल्या डंखपेशी त्याने फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागे चिमट्याने किंवा जाड कापड धरून काढा, मग वरच्याप्रमाणे गरम पाणी, २० मिनिटं तरी. पावसाळ्यात किनाऱ्यावर येणाऱ्या निळ्या फुग्यासारख्या ब्लू बॉटलवर व्हिनेगरही टाळा. दम लागला, गिळता येईना, अंगभर गांधी आल्या, तर प्रश्न १.

११. जाळ्यातला समुद्री साप चावला, पण काहीच झालं नाही. सोडून देऊ?

चावा दुखत नाही, हीच फसगत. अर्ध्या तासापासून काही तासांनी मांड्या, मान, जबडा आखडतो आणि लघवी काळ्या चहासारखी होते. म्हणजे स्नायू विरघळून मूत्रपिंडात चाललेत. आपल्या लसीत समुद्री सापाचं विष धरलेलं नाही, त्यामुळे इथे सलाईन, मूत्रपिंडांवर नजर आणि वेळ पडल्यास डायलिसिस. बोटीवर असाल तर लगेच किनाऱ्याकडे वळा.

१२. बुडालेल्याला बाहेर काढलं. आधी पोट दाबून पाणी काढायचं ना?

नाही. उलटं टांगणं, पोट दाबणं, गरगर फिरवणं यात वेळ जातो, आणि पोटातलं अन्न फुफ्फुसात जातं. बुडणाऱ्याचं हृदय प्राणवायू संपल्यामुळे थांबतं, म्हणून इथे श्वास आधी. श्वास बंद असेल तर तोंडाला तोंड लावून पाच श्वास द्या, मग छातीच्या मधोमध ३० दाब, दोन श्वास, पुन्हा ३० दाब. दाब मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ सेंटीमीटर. शिकवणारे कुणी सुरुवातीला दोनच श्वास सांगतात. आकड्यावर वाद घालत बसू नका. छाती दाबताना तोंडातून फेस येतो, तो पुसत बसू नका.

गणपतीपुळे, गुहागर, हरिहरेश्वर, तारकर्ली, सगळीकडे हीच कहाणी: एक ओढला जातो, त्याला धरायला आणखी दोन जातात. दोरी, रिकामा कॅन, ओंडका, काहीही फेका, स्वतः उतरू नका.

१३. खोकला थांबला, बोलायला लागला. आता लॉजवर नेऊ का?

नका नेऊ. फुफ्फुसात गेलेलं थोडं पाणीही काही तासांनी त्रास देतं. बेशुद्ध झाला असेल, खोकत असेल किंवा दम लागत असेल तर सहा ते आठ तास ऑक्सिजनची पातळी बघत ठेवावं लागतं. परतीची बस चुकेल. चुकू दे.

१४. बांगडा खाऊन चेहरा लाल, डोकं ठणकतंय, अंगाला खाज. पण मला माशाची अॅलर्जी नाहीच!

बरोबर, बहुधा नाहीच. बांगडा, कुपा, सुरमई असे मासे बर्फाविना उन्हात राहिले की जंतू त्यात हिस्टामिन तयार करतात. तळून, उकडून ते जात नाही. घास तिखट किंवा जळजळीत लागला आणि तासाभरात लाली आली, तर हेच. गोळीने काही तासांत उतरतं. पंगतीतल्या चौघांना एकदम झालं तर खात्रीच, अॅलर्जी अशी घाऊक होत नाही. पुढच्या वेळी मासे खायला हरकत नाही, मासेवाली मात्र बदला.

केंड माशाची गोष्ट पूर्ण वेगळी. फुगणारा, जाळी कुरतडणारा हा मासा फुकट मिळाला तरी खाऊ नका, त्याची गाबोळी आणि काळीज तर नाहीच. त्यातलं विष शिजवून मरत नाही आणि त्यावर उतारा नाही. ओठ-जीभ बधिर, मग हातपाय लुळे, मग श्वास बंद, आणि शुद्ध मात्र बऱ्याचदा शेवटपर्यंत (प्रश्न ६ मधल्यासारखी). व्हेंटिलेटरवर पहिला दिवस काढला तर बहुतेक वाचतात. ओठांना मुंग्या आल्या की तिथूनच निघा.

१५. शेतात वीज पडली, पाचजण पडलेत. आधी कुणाकडे धावायचं?

जो निपचित आहे त्याच्याकडे. रस्त्यावरच्या अपघातात नियम उलटा असतो, पण विजेत कण्हणारे सहसा वाचतात. जो मेल्यासारखा दिसतो त्याचं हृदय पुष्कळदा आपणहून पुन्हा चालू होतं, फक्त श्वास मागे राहतो, आणि श्वास मिळाला नाही तर हृदय दुसऱ्यांदा थांबतं. म्हणून त्याला श्वास आणि दाब द्या (पद्धत प्रश्न १२). अंगात करंट राहत नाही, हात लावा. काहींचे पाय निळे, गार, लुळे पडतात, नाडी लागत नाही. ते काही तासांत बरेचदा परत येतात, तेव्हा घाबरून चोळत बसू नका. मात्र गडगडाट चालू असेल तर आधी सगळे छपराखाली.

याच्या अगदी उलट प्रसंग म्हणजे विहीर, टाकी किंवा बोटीतला मासळीचा खण. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत बंद राहिलेला खण उघडून एकजण उतरतो, कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही कोसळतो. कुजण्यातून आलेला वायू जास्त असला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, म्हणून "वास तर येत नव्हता" याला अर्थ नाही. इथे धावायचं नाही. झाकणं उघडी टाका, वारा घाला, कमरेला दोरी आणि स्वतःचा प्राणवायू असल्याशिवाय कुणीही उतरायचं नाही.

१६. दहा कुप्या झाल्या, वीस झाल्या, तरी रक्त गोठत नाही. लस खराब होती का?

कधी लस उशिरा सुरू झालेली असते. पण आंबोलीच्या बाजूचा, घाटातल्या झाडीतला पेशंट असेल तर मी वेगळा विचार करतो. हिरवा चापडा, मलबारी चापडा आणि नाकावर उंचवटा असलेला हंप-नोज्ड पिट वायपर यांचं विष आपल्या लसीत नाही. चापड्याने बहुधा सूज आणि वेदना होतात. हंप-नोज्ड मात्र मूत्रपिंडं निकामी करतो, केरळात तसे पेशंट बरेच नोंदले गेलेत. अशा वेळी लस ओतत राहण्यात घोड्याचं आणि पेशंटचं, दोघांचंही नुकसान. लघवी मोजत राहायचं आणि डायलिसिस जिथे आहे तिथे वेळेत पाठवायचं. या एका बाबतीत सापाचा फोटो खरोखर उपयोगी पडतो.

१७. अपघात किंवा मारामारीची केस असेल तर आधी पोलिसांत जायला लागतं का?

नाही. आधी उपचार, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलंय. पोलिसांना कळवणं आमचं काम. महामार्गावरून जखमीला आणणाऱ्यालाही २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने संरक्षण दिलंय, नाव सांगायची सक्ती नाही. तरी एका ठिकाणी आणणाऱ्या ट्रकवाल्याला तीन तास बाकावर बसवून ठेवलेलं मी पाहिलंय. असं कुणी केलं तर तिथल्या डॉक्टरांना सरळ सांगा.

१८. दोन वर्षांपूर्वी साप चावून लस घेतली होती. आता पुन्हा चावला. प्रतिकारशक्ती आली असेल ना?

नाही. शरीराला सापाची ओळख राहत नाही, घोड्याची राहते. म्हणजे या वेळी लसीची रिअॅक्शन येण्याची शक्यता थोडी जास्त. लस गरजेची असेल तर ती तरीही द्यायचीच, फक्त आम्हाला आधी कळलं पाहिजे. मागच्या वेळी आठ-दहा दिवसांनी ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ आलं होतं का, तेही सांगा. तोही लसीचाच परिणाम असतो आणि बहुतेकजण त्याला चिकुनगुन्या समजून सोडून देतात. जुनं डिस्चार्ज कार्ड देव्हाऱ्यामागे, रेशनकार्डाच्या पिशवीत, जिथे असेल तिथून सोबत आणा.